पाहुण्याचं नववं रीळ

३ मार्च, मंगळवार

पाहुणा सापडला!

दाढीला गेलो होतो. कात्रीनं (आमच्या न्हाव्याला त्याची बायकोसुद्धा कात्रीच म्हणते) एक गाल उरकला, वस्तरा खाली ठेवला आणि वर्तमानपत्र माझ्या नाकाशी धरलं. 'ऑपरेटर, वाच!' चष्मा घरी. मग त्यानंच वाचलं, पार रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं ते परग्रहावरच्या पाहुण्याचं पिक्चर, ज्याची एक धड प्रत कुठे उरली नाही म्हणायचे, त्याची निगेटिव्ह एका बंद पडलेल्या लॅबच्या तळघरात मिळाली. दहाच्या दहा रिळं. कुणी एक बाई तीन वर्षं ती साफ करत बसली होती.

दुकानात गलका! खुर्चीत बसलेला, बाकावर बसलेला, सगळे एकदम बोलायला लागले. 'पाहुणा परत येतो तेव्हा मी रडलो होतो बरं का.' 'तू? तू झोपला होतास!' कात्री म्हणाला, 'आता एकदाचं कळेल त्या बँडेजचं.'

अर्ध्या दाढीनं घरी आलो. ही म्हणाली, 'हा काय अवतार?' सांगितलं तर टाळ्या पिटल्या हिनं, बाहत्तराव्या वर्षी. मीही हसलो. मग एकदम लक्षात आलं.

दहाच्या दहा रिळं म्हणजे ओळीनं लावलेली असणार.

५ मार्च, गुरुवार

काल दिवसभर वही उघडली नाही. उघडली की खरं लिहावं लागणार. घे, लिहितो. चव्वेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही.

तेव्हा प्रत उशिरा आली होती. खेळ साडेसहाचा, डबे आले सहा वाजून वीस मिनिटांनी. हॉल भरलेला, लोक पाय आपटतायत, मालक खालून ओरडतोय. रीळ मशीनवर चढवताना सुरुवातीच्या पट्टीवरचा नंबर बघायचा, हे ऑपरेटरचं पहिलं काम. मी झाकणावरचा बघितला. झाकणावर नऊ होतं. आत दहावं होतं.

खरं पिक्चर असं: आठव्या रिळात लोक पाहुण्याच्या मागे लागतात, तो जखमी होऊन पळतो. नवव्यात तो पोस्टाच्या बाईच्या दारावर टकटक करतो. ती दार उघडते, हाताला बँडेज बांधते, ताट वाढते. आणि तो पहिल्यांदाच हसतो. दहाव्यात त्याचं यान येतं, तो निघून जातो. ती अंगणात हात वर करून उभी. संपलं.

मी काय दाखवलं? पळाला, यान आलं, गेला, बाई हात वर करून उभी. आणि प्रत झिजलेली, दहाव्याचं शेपूट तुटलेलं, 'समाप्त'चा पत्ताच नाही. पडदा पांढराफटक! दुसऱ्या मशीनवर 'दहा' झाकणाच्या डब्यातलं रीळ तयार होतं, त्याच्या उजेडाची झडप उघडली.

आणि दारावर टकटक झाली.

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. पडद्यावरचा नव्हे, हॉलमधला. आठशे माणसं एकदम श्वास घेतात तसा. तो परत आला! तो गेला आणि परत आला! तो पांढरा उजेड म्हणजे त्याचं उतरणं, असं लोकांनी आपलं आपण ठरवलं. टोप्या उडाल्या. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

खेळ संपल्यावर पट्टीवरचा नंबर बघितला, तेव्हा उमगलं. तेवढ्यात मालक धापा टाकत वर. 'काय पिक्चर आहे रे! हात लावू नकोस कशाला!' मग मी हात लावला नाही. म्हणजे लावला. रद्दीतल्या एका पिक्चरचं 'समाप्त' कापून नवव्याच्या शेवटाला चिकटवलं. आणि दहाव्याच्या शेवटाला कोरी पट्टी जोडली, पांढऱ्या उजेडासाठी.

चूक एका दिवसाची होती. पुढचे एकतीस आठवडे ती मी करत होतो.

९ मार्च, सोमवार

कात्रीनं परस्पर त्या रिळं साफ करणाऱ्या बाईला पत्र टाकलं! आज तिचा फोन. आवाजावरून तरुण वाटली. फिल्म दुरुस्त करणारी म्हणून इथे सगळे तिला दुरुस्तीवालीच म्हणायला लागलेत. म्हणते, 'काका, एक कोडं आहे. हे पिक्चर सगळीकडे तीन दिवसांत उतरलं. लोकांना शेवट आवडला नाही. फक्त तुमच्या गावात एकतीस आठवडे! का?'

म्हटलं, 'आमचे लोक जरा हळवे आहेत.'

२१ तारखेला नवी प्रत घेऊन येतेय. खरीखुरी फिल्म, खरी रिळं. आमचं थिएटर नऊ वर्षं बंद आहे, पण मालकाच्या मुलानं एका दिवसापुरतं उघडायचं कबूल केलं. मशीनवर कोण? मी! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मी! फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली, गुडघा बोलला तरी.

१० मार्च, मंगळवार

कात्रीच्या समितीनं (म्हणजे कात्री आणि त्याची खुर्ची) प्रमुख पाहुणी ठरवली. आमची लेक.

दुसरी कोण असणार म्हणा. त्या पहिल्या खेळाला ती सहा वर्षांची होती. केबिनमध्ये उलट्या खोक्यावर उभी, भिंतीतल्या भोकाला नाक लावून. पाहुणा परत आला तेव्हा वळून म्हणाली होती, 'बाबा, तो आला!' तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. शिकली, मोठी झाली, आता ती भली मोठी तबकडी आकाशाकडे लावून बसते. तिकडून कुणी काही बोलतंय का ते ऐकायचं. सव्वीस वर्षं ऐकतेय.

प्रत्येक मुलाखतीत तेच सांगते. 'माझ्या वडिलांच्या थिएटरात मी एक गोष्ट शिकले. पाहुणा परत येतो.' कात्रीनं ते कात्रण आरशाला चिकटवलंय.

दारी येऊन उभा राहिला असता पाहुणा तर बरं झालं असतं. पण नाही. तिनं एकदा समजावलं होतं: 'कधी कधी येतो हो आवाज, बाबा. पण एकदाच. एकदाच आलेलं मोजत नाहीत. त्याच जागेवरून दुसऱ्यांदा यायला हवं.' सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा काही आलं नाही. आणि आता तिच्या कचेरीतले वरचे लोक म्हणतायत, या वर्षअखेर बंद करू हे. तिच्या आवाजातच कळतं. थकलीय.

आणि मी तिला सांगू, की बाई गं, पाहुणा परत आलाच नव्हता? तुझ्या बापानं झाकण बघितलं?

१२ मार्च, गुरुवार

आज फोन करून सांगणार होतो. हवामानाबद्दल बोललो.

१४ मार्च, शनिवार

दुरुस्तीवाली आठवडाभर आधीच आली, 'कोडं सोडवायला'. झिपरी, चटपटीत, बोटं सदा हातमोज्यात. थिएटर बघितलं, मशीनवरून अशी हात फिरवत होती की मला भरून आलं. म्हणाली, 'काका, यांना तेल कोण घालतं?' मी. नऊ वर्षं, महिन्यातून एकदा, मागच्या दारानं जाऊन. हे हिलाही माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, तेलाचे डाग हीच धुते.

संध्याकाळी कात्रीच्या दुकानात बैठक. दुरुस्तीवाली वही काढून एकेकाला विचारतेय, 'तुम्हाला यात काय आवडलं?' मी कोपऱ्यात, तोंड मिटून.

कात्रीनं बँडेजचा सिद्धांत मांडला. पाहुणा जाताना त्याच्या हाताला बँडेज असतं, परत येतो तेव्हा नसतं, मग बाई ते पुन्हा बांधते. का? कात्री: 'त्याच्या ग्रहावर गेला की जखम बरी होते. आपल्या हवेत आला की पुन्हा उघडते. तरीही तो आला! याला म्हणतात माया.' दोघातिघांनी माना डोलावल्या.

मग विज्ञानाच्या बाई उठल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण उभ्या राहिल्या की अख्खं दुकान ताठ बसतं. त्यांचा मुद्दा मांजरीचा. पोस्टाच्या बाईची मांजर आधी पिल्लं पाजताना दिसते आणि नंतर पोट घेऊन फिरताना. बाई म्हणाल्या, 'पुन्हा गाभण राहिली हे अडाण्यांचं उत्तर. भिंतीवरचं कॅलेंडरही तीन दिवस मागे गेलंय. पाहुणा येतो तेव्हा काळ उलटा वाहतो! मी बावीस वर्षं हे वर्गात शिकवलं.'

बावीस वर्षं! देवा!

दुरुस्तीवालीचं पेन थांबलं होतं. ती बाईंकडे बघत होती, मग कात्रीकडे. मग हळूच माझ्याकडे. मी चहा आणतो म्हणून जो सटकलो तो घरी.

१५ मार्च, रविवार

हिला सांगितलं. सगळं. पट्टी, झाकण, रद्दीतलं 'समाप्त'.

ही मटार सोलत होती. सोलत राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे ती मांजर एकदाच व्याली?'

'हो.'

'बरं झालं. मला उगीच तिची काळजी वाटायची.'

आणि हसायला लागली! मटार सांडले, तरी हसतेय. मी म्हटलं, अगं, मी इथे मरतोय. म्हणाली, 'मरू नका, मटार उचला.' मग दोघं जमिनीवर बसून उचलत होतो तेव्हा गंभीर झाली. 'लोकांचं सोडा. लोक दोन दिवस बोलतील. पोरीला मात्र तिथे हॉलमध्ये कळता कामा नये. आधी सांगा. तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.'

बरोबर आहे तिचं. नेहमीच असतं, म्हणून तर वैताग येतो.

१७ मार्च, मंगळवार

फोन केला. आधीच ठरवलं होतं, 'ऐक, एक गोष्ट सांगायचीय' इथूनच सुरू करायचं.

'ऐक, एक गोष्ट सांगायचीय.'

'बाबा, आधी मी सांगते! मी शुक्रवारीच येतेय. चार दिवस रजा काढलीय. किती वर्षांनी! मला ना, फक्त तो दारावरचा टकटक आवाज ऐकायचाय तुमच्या शेजारी उभं राहून. मग ते खुशाल बंद करू देत माझं काम. तुम्ही काय सांगत होतात?'

'काही नाही. येताना स्वेटर आण.'

भित्रा! एक नंबरचा भित्रा!

१९ मार्च, गुरुवार

पण आजचा दिवस काय गेला! दुरुस्तीवालीनं रिळांची पेटी माझ्या ताब्यात दिली आणि सही घेतली. सकाळी नऊपासून केबिनमध्ये. दोन्ही मशीनं पुसली, चाकांचे दात तपासले, भिंग काढून फुंकर मारून बसवलं. पहिल्या रिळातली दोन मिनिटं चालवून बघितली. ती घरघर! मशीननं ओळखलं मला. खालच्या खुर्च्या पुसायला निम्मं गाव आलं होतं, पडद्यावर उजेड पडला तशी सगळ्यांनी फडकी हवेत उडवली. मला शिट्टी वाजवता येते हे मीच विसरलो होतो.

नवी फिल्म काचेसारखी स्वच्छ. या वेळी एकेक डबा उघडून आतल्या पट्टीवरचा नंबर बघितला. नऊच्या डब्यात नऊ. दहाच्या डब्यात दहा.

मग खुर्चीवर बसून त्या दोन डब्यांकडे बघत राहिलो. काय अवघड आहे? हा इथे, तो तिथे. कोण बघतंय? लेक माझ्या शेजारी उभी असेल, टकटक होईल, ती मला मिठी मारेल. दुरुस्तीवालीला म्हणायचं, माफ कर पोरी, वय झालं.

अर्धा तास हे डोक्यात घोळवलं. चुकून केलं तेव्हा मी चौतीसचा होतो. आता जाणूनबुजून केलं तर तो खोटेपणा, तोही तिच्या तोंडावर. डबे ओळीनं लावले आणि कुलूप घातलं. उद्या ती येईल. उद्या सांगतो. जेवण झाल्यावर.

२० मार्च, शुक्रवार

गाडी चुकली तिची. उद्या दुपारी येईल म्हणे, थेट थिएटरवर. ही माझ्याकडे नुसती बघतेय.

२२ मार्च, रविवार

कसं लिहू? रात्रभर झोप नाही. आनंदानं की कशानं, ठाऊक नाही.

लेक आली ती खेळाला दहा मिनिटं असताना. कात्रीनं हार घातला, भाषण करायला लावलं, ती तेच बोलली, पाहुणा परत येतो, टाळ्या. मग जिना चढून केबिनमध्ये येणार तोच विज्ञानाच्या बाईंनी हात धरून पहिल्या रांगेत बसवली. 'माझी विद्यार्थिनी आहे, माझ्या शेजारी बसेल!' मी भोकातून बघतोय. संपलं.

दिवे मालवले. एक, दोन, तीन... सात, आठ. एकही सांधा चुकला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन, अगदी पापणी लवायच्या आत. आठवं संपलं. नववं सुरू झालं. टकटक.

हॉलमध्ये कुजबुज. 'आत्ताच? अजून गेला कुठे?' पाहुणा जेवला, हसला. टाळ्या पडल्या, पण अर्धवट. मग दहावं. यान आलं, तो गेला. बाईनं हात वर केला. या वेळी शेपूट तुटलेलं नव्हतं. 'समाप्त'. मी दिवे लावले.

कुणी उठलं नाही.

एक मिनिट. दोन मिनिटं. आठशे माणसं पडद्याकडे बघत बसून. वाट बघत होती! तो येईल म्हणून! मग कात्रीचा आवाज: 'म्हातारा रीळ विसरला!' आणि एकच कल्ला. 'ऑपरेटर, झोपलास का!' 'पाहुणा कुठाय!' दुरुस्तीवाली पुढे जाऊन सांगतेय की हे बरोबर आहे, पिक्चर असंच आहे. तिचं कोण ऐकतो!

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मोठ्यानं म्हणालो, 'आज विसरलो नाही. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी विसरलो होतो.'

मग सगळं सांगितलं, तिथूनच, खिडकीतून, मान लांब करून. झाकणाचं सांगितलं, पांढऱ्या उजेडाचं सांगितलं. रद्दीतलं 'समाप्त' सांगितलं तेव्हा कुणीतरी खुदकन हसलं. विज्ञानाच्या बाई उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता या मला अंगठे धरायला लावणार. त्या म्हणाल्या, 'म्हणजे काळ उलटा तुम्ही वाहवलात?'

'हो बाई.'

'बावीस वर्षं?'

'बावीस तुमची, बाई. माझी चव्वेचाळीस.'

मागून कात्री ओरडला, 'मग आत्तापण विसर की!'

आणि हॉल फुटला! हसणं, शिट्ट्या, पाय आपटणं. 'विसर! विसर! विसर!' दुरुस्तीवालीकडे बघितलं. तिनं डोळे पुसले, दोन्ही हातमोजे काढून खिशात घातले आणि अंगठा वर केला. नववं रीळ गुंडाळून परत चढवलं. दिवे मालवले. दहाव्याचा शेवटचा तुकडा चालवला, बाईनं हात वर केला, आणि मी रिकाम्या मशीनचा उजेड सोडला. पांढरा. मनात तीन मोजले.

टकटक.

अशा टाळ्या तेव्हाही पडल्या नव्हत्या. सगळं माहीत असून, डोळ्यांदेखत करून दाखवलेलं असून, लोक उभे राहिले. कात्री तर ओक्साबोक्शी रडला. दुरुस्तीवाली वर येऊन माझ्या गळ्यात पडली. 'कोडं सुटलं, काका. मी दोन्ही शेवट जपून ठेवणार आहे. तुमच्या गावाचा वेगळा.'

मी भोकातून पहिल्या रांगेकडे बघितलं. लेकीची खुर्ची रिकामी होती.

२३ मार्च, सोमवार

परवा घरी आलो तर ती तिच्या खोलीत, दार लावून. काल दिवसभर आईशी बोलली, माझ्याशी नाही. आज सकाळी स्वयंपाकघरात आली, माझ्यासमोर बसली. तोंड त्या सहा वर्षांच्या पोरीसारखं झालेलं.

'सोळाव्या वर्षी का नाही सांगितलंत? विसाव्या? मी जगभर सांगत हिंडतेय, बाबा. लोक मनात काय म्हणत असतील? ज्यांनी ते खरं पिक्चर बघितलं असेल ते?'

म्हटलं, 'भ्यालो. तू इतकी खूश होतीस. रोज म्हटलं उद्या सांगू. त्यात तू मोठी झालीस.' दुसरं काय बोलणार? पाया पडायचीही तयारी होती माझी. मग म्हटलं, 'पण पोरी, परवा त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी उठले ना गं लोक.'

हिनं तिच्या पुढ्यात ऑम्लेट ठेवलं, ते थोडं खाल्लं. थोडी निवळल्यासारखी वाटली. विचारलं, 'पण चुकलं कसं नक्की? तुम्ही तर कधी चुकत नाही.'

'झाकणावर नंबर होता. मी झाकण वाचलं.'

'आणि आत?'

'आत बघायला वेळ नव्हता. कुणीतरी दोन डबे शेजारी शेजारी उघडे ठेवले असतील, घाईत झाकणं लावली असतील. होतं गं. जिथे डबे आणि झाकणं, तिथे हे कधी ना कधी होतंच.'

तिचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघत होती पण मला बघत नव्हती. मग ताट तसंच सोडून उठली, पिशवी भरली, दुपारच्या गाडीनं गेली. बुधवारपर्यंत रजा होती! दारात आईला मिठी मारली. मला म्हणाली, 'येते.' तेवढंच.

ही म्हणते, 'तुम्ही काय बोललात तिला?' मी काय बोललो? आपण होईल तेवढं खरं बोललो. खरं बोलायचा मुहूर्त चव्वेचाळीस वर्षं उशिरा काढला, त्याला कोण काय करणार.

३० मार्च, सोमवार

फोन नाही.

गावात मात्र माझा थाट आहे! रस्त्यातून जाताना लोक हाका मारतात, 'ऑपरेटर, आज काय विसरलास?' विज्ञानाच्या बाईंनी दुकानात येऊन जाहीर केलं की त्यांचा सिद्धांत चुकला नव्हता, फक्त काळ उलटा करणारी व्यक्ती वेगळी निघाली. कात्री बँडेजवर अडून आहे. म्हणतो, 'नंबर काही असो, माया ती मायाच.' फुकट दाढी केली माझी. दोन्ही गाल.

हसतो सगळ्यांबरोबर. घरी आलो की फोनकडे बघतो.

६ एप्रिल, सोमवार

हिनं फोन लावला. तिच्या कचेरीतल्या कुणीतरी उचलला. म्हणे, मॅडम तळघरात आहेत, जेवायलाही वर येत नाहीत. एवढी रागावलीय?

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी सहा वाजता फोन. तीच. आवाज बसलेला.

'बाबा, रागावले नव्हते मी. म्हणजे होते, पण ऑम्लेट अर्धं होईपर्यंतच.' मग एका दमात: तिच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या आवाजाच्या टेपा तळघरात आहेत, चारशे बारा डबे. कोणती टेप आकाशातल्या कोणत्या जागेची, ते सगळे आजवर झाकणावरून वाचत आले. आतला नंबर कुणी बघितला नाही. महिनाभर ती आणि तिची माणसं एकेक डबा उघडून बघत होती. एका डब्यावर शेजारच्याचं झाकण निघालं. त्या टेपेवर एक आवाज आहे. एकदाच आला, म्हणून सोडून दिलेला. जागा चुकीची धरली होती. खरी जागा लावली तर तसाच आवाज तिथूनच चौदा महिने आधीही आलेला.

'दोनदा, बाबा,' ती म्हणाली. 'त्याच जागेवरून. दोनदा.'

मग ती रडली, मी रडलो, ही फोन हिसकावून घेऊन रडली.

अजून खूप तपासायचंय म्हणाली. तोवर कुणापाशी बोलायचं नाही, कात्रीपाशी तर मुळीच नाही. इथे लिहिलेलं चालेल का, ते विचारायचं राहिलं.